वाढलेलं मूत्रपिंड

साहेब, तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला एका शब्दावरून घरी बसवलंत. तिला तपासलं नाहीत, खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत.

ती तुमच्याच कारखान्यात क्रेन चालवते. वर काचेच्या केबिनमध्ये बसून पोलादी पत्र्याची भेंडोळी उचलते. डाव्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ निघाली, म्हणून ते अख्खं काढलं. टाके भरले, अंगात ताकद आली. आता कामावर परतायला फक्त कारखान्याच्या डॉक्टरांचा, म्हणजे तुमचा, होकार हवा होता. तिच्या जागी बदली माणूस बसवलाय, आणि ही लवकर आली नाही तर त्यालाच कायम करणार आहेत. हे तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही स्कॅनचा कागद पाहिलात. उजवं मूत्रपिंड आकाराने वाढलेलं, असं त्यात होतं.

"डावीकडे वाढ होती, आता उजवीकडेही वाढ," तुम्ही म्हणालात. "अशा बाईला मी क्रेनवर चढू देणार नाही."

आमच्या घरात 'वाढ' म्हणजे गाठ. ऑपरेशनपासून त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. धाकटी घरी आली ती भिंतीला टेकून बसली. आईने भाताचं पातेलं आणलं. "गरम आहे, वाढू का गं?"

"आई, तो शब्द नको आज."

"मग काय म्हणू? ओतू?"

आम्ही दोघी हसलो. तिचं हसू तिथेच विझलं. "ताई, यातही निघालं तर काढून टाकायचीही सोय नाही गं."

सकाळी मी तिला ओढतच, तिचं ऑपरेशन केलेल्या सर्जनबाईंकडे नेलं. बाईंनी स्कॅन पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"गाठबिठ काही नाही. दोघांचं काम एकटं करतंय, म्हणून मोठं झालंय. व्हायलाच हवं. हा ऑपरेशनच्या आधीचा फोटो बघा, यातही थोडं मोठं दिसतंय. डावं ढेपाळायला लागलं तेव्हाच यानं कंबर कसली होती."

"थोरली जाऊ अंथरुणाला खिळली आणि धाकटीचे दंड भरले, असंच ना?" बहीण म्हणाली.

"अगदी तसंच. रक्ताचे रिपोर्टही चांगले आहेत. खुशाल कामावर जा."

आम्ही परत तुमच्याकडे आलो, तेव्हा बाईंनी तुम्हाला फोन केला. आम्ही तुमच्यासमोरच उभ्या होतो. तुम्ही "हो मॅडम, हो मॅडम" केलंत, फोन ठेवलात आणि आमच्याकडे न बघता म्हणालात, "ठीक आहे, कॅन्सर नाही. पण आकार नॉर्मल नाही. नॉर्मल होऊ दे, मग या."

"अहो साहेब, काम दुप्पट आहे तोवर ते लहान कशाला होईल?" बहिणीने विचारलं.

"ते मला सांगू नका. पुढचा कोण आहे?"

पुढचा आत आला आणि आम्ही बाहेर.

म्हणून आता इथे, या सगळ्या कामगारांदेखत विचारते. ते मूत्रपिंड आक्रसलं तर समजायचं की तेही खचलं. तिचे पाय सुजतील, धाप लागेल, आणि तेव्हा तुमच्या मापात बसली म्हणून तुम्ही तिला क्रेनवर चढवणार. तिने कामावर येण्यासाठी आजारी पडावं, अशी तुमची अट आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.