वीतभर शुद्ध जमीन

पहिलं गांडूळ वर आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि बघता बघता चौरंगासमोरची माती वळवळू लागली. "मेलेली जमीन जिवंत झाली!" कुणीतरी ओरडलं. पुढच्या रांगेतल्या आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांच्या शेजारचा शिंपी एरवी कुणाच्या मयतालाही रडत नसे; आज तोही बाहीला नाक पुसत होता.

बॅटऱ्यांच्या बंद कारखान्याच्या त्या मोकळ्या जागेवर अख्खी वस्ती अनवाणी उभी होती. "शुद्ध भूमीवर चपला नकोत," अशी भूमीमहाराजांची आज्ञा होती. स्वतः महाराज लाकडी चौरंगावर होते आणि त्यांच्या पायांत सपाता होत्या.

"ही धरणी मला म्हणाली, बाळा, दाह होतोय रे!" हातातली तांब्याची झारी उंचावत महाराज गरजले. "मी तिला अमृत पाजलं. आता तिच्या पोटात विष औषधालासुद्धा उरलेलं नाही!"

"औषधाला तरी ठेवायचं," थोरली पुटपुटली.

"ताई, गप्प बस गं," धाकटीनं कोपर मारलं. तिच्या कडेवर बाळ होतं. नुकतंच रांगायला लागलेलं, त्यामुळे कडेवर ठरत नव्हतं.

भानगड अशी होती. या जागेवर इमारत उठायची होती. पण राज्याच्या पर्यावरण खात्यानं अट घातली होती: जमिनीत शिसं मुरलंय, पुरुषभर खोल माती काढून न्या, मगच घरं बांधा. त्याला दोन वर्षं लागणार. बिल्डरनं त्यापेक्षा स्वस्त आणि झटपट इलाज आणला, तो हा चौरंगावर उभा होता. आज जनसुनावणी होती. खात्याचा अधिकारी मातीचा नवा नमुना घेणार, लोक हात वर करून संमती देणार, आणि दोन्ही मनासारखं झालं तर अट उठणार. धाकटीचं घर ठरलं होतं तळमजल्यावर. दारासमोर अंगण, अंगणात हीच माती.

"तुला सगळ्यात खोटच दिसते," धाकटी म्हणाली. "अजून दोन वर्षं त्या कोंदट खोलीत काढू का मी?"

थोरलीनं बंद कारखान्याकडे पाहिलं. त्यांच्या बाबांनी उभा जन्म याच कारखान्यात काढला होता. संध्याकाळी घरी आले की बूट फाटकाबाहेर काढायचे आणि अंगणातल्या नळावर खसाखसा हातपाय धुवायचे. धाकटी धावत मिठी मारायला गेली की मागे सरकायचे. "थांब गं, आधी हातपाय!" बाबा आपल्याला घेत नाहीत म्हणून ती भोकाड पसरायची. शेवटी शेवटी त्यांचे हात असे थरथरत की कप बशीत वाजायचा. ते गेले त्याला फार दिवस झाले नव्हते. बूट अजून फाटकाबाहेर होते. आईनं कुणाला हलवू दिले नव्हते.

वारा फिरला. थोरलीचं नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं. भक्तीचा तिला इतका उमाळा कधीच येत नसे. हा वास मात्र ओळखीचा होता. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची.

ती सरळ चौरंगापाशी गेली. "महाराज, झारी द्या जरा."

"स्त्रिये, हे अमृत आहे!"

"मग प्यायला काय हरकत?" तिनं झारीच्या तोटीला बोट लावून जिभेवर ठेवलं. "मोहरी आहे. दळून पाण्यात कालवलेली."

"पाखंड!" महाराज किंचाळले.

"बाई, देवाधर्माची थट्टा करू नका," शिंपी म्हणाला.

"थट्टा नाही, काका. या माझ्याबरोबर."

तिनं झारी उचलली, कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या शेवंतीच्या वाफ्यात रिकामी होईपर्यंत ओतली, आणि हाताची घडी घालून उभी राहिली. लोक गोळा झाले. थोड्याच वेळात वाफ्यातून गांडुळं वर येऊ लागली.

"हा वाफा कुठल्या महाराजांनी शुद्ध केला?" तिनं विचारलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"शाळेच्या बागेत गांडुळं मोजायची असली की आम्ही हेच करतो. मोहरीनं त्यांचं अंग चुरचुरतं, म्हणून ती जीव घेऊन वर पळतात. आजी, तुमच्या डोळ्यांना जे झालं, तेच त्यांच्या अंगाला होतं."

"अगं बाई! आणि मला वाटलं, मला दर्शनच झालं," आजी डोळे पुसत म्हणाल्या.

"पण बाई, गांडुळं तर खरीच होती ना?" शिंप्यानं मुद्दा सोडला नाही. "विषारी जमिनीत आली कुठून?"

"साहेब," थोरली अधिकाऱ्याकडे वळली, "नमुना किती खोलीवरून घेणार?"

अधिकाऱ्याच्या हातात छोटंसं खुरपं होतं. बिल्डरनंच पुढे केलेलं. त्यानं ते एकदा न्याहाळलं, खाली ठेवलं आणि गाडीतून लांब गिरमिट काढलं. परत चौरंगासमोर येऊन ते जमिनीत फिरवलं. वीतभर तपकिरी, भुसभुशीत माती आली. मग काळपट राखाडी चिखल, आणि त्यात बॅटरीच्या खोक्यांचे काळे तुकडे.

"ही वरची माती नर्सरीची," फाटकावरचा पहारेकरी बोलून गेला. "मागच्या आठवड्यात ट्रकनं आली. मला वाटलं, बागेसाठी."

बिल्डर फोनवर बोलत बोलत गाडीपर्यंत पोहोचला होता. गाडीत जागा मिळावी म्हणून महाराजही मागोमाग पळाले, पण चौरंगाला अडखळले आणि सपाता तिथंच राहिल्या.

"अट कायम," अधिकारी म्हणाला. "माती निघेल, तेव्हाच घरं."

लोकांची तोंडं उतरली. थोरलीला ते दिसलं.

"घर लांबलं, मला कळतं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचंही लांबलं. कुणी देव मानावा, कुणी मानू नये, माझं भांडण नाही. पण जमीन शुद्ध झाली असं कुणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: किती खोल खणून पाहिलंत? आणि आता कृपा करून सगळ्यांनी चपला घाला."

दोघी आईच्या घरी आल्या. फाटकापाशी धाकटीनं बाळाला आईकडे दिलं, चप्पल बाबांच्या बुटांशेजारी काढून ठेवली आणि नळाखाली पाय धरले. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्या घासल्या. आईच्या हातातून बाळ तिच्याकडे झेपावलं.

धाकटी मागे सरकली.

"थांब रे," ती म्हणाली, "आधी हातपाय."