मावशींचा घसा

ते पत्र येऊन नऊ वर्षं झाली होती आणि ग्रंथोबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले असते तर सुटले असते, पण पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

"साहेब, तुम्ही माझ्या घशाचा नमुना घेतला होता. त्यात तो जंतू होता की नव्हता, एवढंच कळवा. नोकरी परत मागत नाही, दया तर नकोच. माझ्या मुलीला बाळ होणार आहे आणि ती म्हणते, आई, तू बाळाला हात लावायचा नाहीस. जंतू असेल तर तसं लिहा. मी ऐकायला घाबरत नाही. तुम्ही सांगायला घाबरू नका."

शेवटच्या वाक्याशी ते दर वेळी अडखळायचे.

ग्रंथोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेल्या या माणसाला जेवणाच्या सुट्टीतही पुस्तकात डोकं खुपसून बसायची खोड, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. माणूस भिडस्त. बाहेर ऊन आहे का विचारलं, तर खिडकीतून पाहून "बहुधा" म्हणणारा.

पत्र लिहिणाऱ्या मावशी बाळंतिणींच्या वॉर्डात मदतनीस होत्या. एका वर्षी तिथं एकाच आठवड्यात तिघींना ताप भरला. दोघी वाचल्या, तिसरी दोन दिवसांत गेली. तिघींच्याही रक्तात स्ट्रेप्टोकॉकस सापडला. हा जंतू मोठा सोंगाड्या. एखाद्या पोराचा नुसता घसा धरतो, दुसऱ्याच्या अंगावर लाल पुरळ उठवतो, तिसऱ्याच्या हृदयाची झडप जन्माची अधू करून जातो. कधी धडधाकट माणसाच्या घशात असा गुपचूप राहतो की त्याला साधा खोकलाही येत नाही. तिथून तो ओल्या बाळंतिणीपर्यंत पोचला, की मग खैर नाही.

वॉर्डातल्या सगळ्यांचे घसे तपासायचं ठरलं. मावशींना नेमकी सर्दी झालेली, गळ्याला मफलर; सगळ्यांचा संशय त्यांच्यावरच. बाळंतपणं करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा नमुना घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांनीच हसत तोंड उघडलं. "घ्या ग्रंथोबा, माझाही घ्या. पोरींना तेवढाच धीर!"

रक्त घातलेल्या लाल प्लेटांवर नमुने ओढले गेले. दुसऱ्या दिवशी ग्रंथोबांनी एकेक प्लेट उजेडात धरली. हा जंतू वाढला की त्याच्या ठिपक्यांभोवतीचं रक्त विरघळून काचेसारखं कडं दिसतं. मावशींची प्लेट त्यांनी दोन दिवस ठेवून पाहिली, तिच्यावर एकही कडं उमटलं नाही. कडी होती ती मोठ्या डॉक्टरांच्या प्लेटवर.

"प्लेट बिघडली असेल," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यानं सगळ्यांचे पुन्हा घ्या." त्याच संध्याकाळी त्यांनी वॉर्डाच्या कपाटातून पेनिसिलिनच्या गोळ्या नेल्या, हे कपाट सांभाळणाऱ्या नर्सनं सहज बोलता बोलता सांगितलं. आठवड्यानं सगळेच घसे स्वच्छ निघाले. अहवालात नोंद झाली ती फक्त या दुसऱ्या तपासणीची.

चौकशी समितीनं विचारलं, "मावशींच्या घशात आधी जंतू होता आणि नंतर गेला, असं असू शकेल?"

एका तपासणीवर छातीठोक बोलू नये, हे ग्रंथोबा जन्मभर वाचत आले होते. ते म्हणाले, "नाकारता येत नाही." पुढं पहिल्या प्लेटांचं सांगायचं होतं. पण डॉक्टर समोर बसले होते आणि शब्द फुटला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. मावशींना घरी बसवलं.

आणि आता तेच डॉक्टर ग्रंथोबांच्या घरी, त्यांच्याच खुर्चीत बसले होते. इस्पितळाला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती. प्रयोगशाळेवरचं पान तयारच होतं.

"फक्त सही ठोका, ग्रंथोबा."

ग्रंथोबांनी वाचलं. 'मदतनीस बाईच्या घशातून पसरलेली साथ आमच्या प्रयोगशाळेनं वेळीच शोधून काढली.'

"हे... हे असं नाही."

"असं कसं नाही? समितीपुढं तुम्हीच बोललात ना?"

"कडी तुमच्या प्लेटवर होती." ग्रंथोबांनी कागद परत डॉक्टरांपुढं ठेवला. "तेव्हाच पेन्सिलीनं वहीत लिहून ठेवलंय. तारखेसकट."

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी थिजलं. "म्हणजे ती बाई माझ्यामुळे गेली? करता सिद्ध?"

"नाही करता येणार. पण मावशींमुळे गेली हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि तुम्ही ते छापताय."

"लोक विचारतील, इतकी वर्षं मूग गिळून का बसलात?"

"विचारू देत. भ्यालो, म्हणून सांगेन."

"अहो, तुमचीच अब्रू जाईल!"

"जाऊ दे. सही मिळणार नाही. आणि हे असंच छापलंत, तर वहीचं पान घेऊन मी समारंभाला येईन."

डॉक्टर उठले. ग्रंथोबांची धाकटी बहीण ट्रे घेऊन दारात उभी होती. "साहेब, चहा?"

"नको."

"बरं झालं, साखर घालायची राहिलीच होती," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. "दादा, हे तू बोललास?"

"पाय अजून लटपटताहेत गं."

"लटपटू देत. लिहायला हात लागतात." सगळं ऐकून, पत्र वाचून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नऊ वर्षं? माणूस आहेस की कपाट?"

"आता काय उपयोग? ते बाळ आठ वर्षांचं झालं असेल."

"मग आता त्याला वाचता येत असेल. सुवाच्य अक्षरात लिही."

पहिला मसुदा चार पानी झाला. बहिणीनं चष्मा लावून वाचला. "यात तू आहेस, जंतू आहे, सात पुस्तकं आहेत. मावशी कुठायत?"

दुसरा एका पानात बसला.

"मावशी, तुमच्या घशात तो जंतू आढळला नाही. पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही. साथ तुमच्यामुळे पसरली, याचा कसलाही पुरावा तेव्हा नव्हता, आजही नाही. जंतू आढळला तो दुसऱ्या एकाच्या घशात. त्याचं नाव विचारलंत तर सांगेन, समितीपुढंही सांगेन. माझ्या वहीच्या पानाची प्रत जोडली आहे. मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसलो. त्याची माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. हे पत्र कुणालाही दाखवा, दाराला चिकटवा. पूर्ण नाव, पत्ता आणि सही खाली आहे."

टपाल कचेरीतल्या कारकुनानं पाकीट उलटंसुलटं केलं. "काका, साध्या टपालानं टाका की. इथून इथं तर आहे."

"रजिस्टर करा," ग्रंथोबा म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, मागच्या रांगेनं पाहिलं. "पोच हवी मला. मावशींच्या स्वतःच्या सहीची."

कारकुनानं खांदे उडवले, दोन शिक्के हाणले आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.