न धुतलेलं अंगडं

वसमतच्या चर्चमध्ये मसाजी मेंढपाळानं रचलेलं गीत दर रविवारी होतं: ‘तुझ्या मेल्या कोकराचं कातडं पांघरून, देवा, तुझ्या दारी आलो.’ कोकरू दगावलं, की त्याचं कातडं पोरक्या कोकराला चढवतात; मग मेल्या कोकराची आई वास घेऊन त्याला पाजते.

मसाजीची बायको चांगुणाबाई त्या ओळीला गप्प होते. तिचं तान्हं गेलं, त्याच महिन्यात मेलेल्या बहिणीची तान्ही मोहिनी घरी आली. लेकरू रडून रडून निळं पडलं, पण चांगुणाबाई त्याला छातीशी धरीना. शेवटी मसाजीनं आपल्या तान्ह्याचं न धुतलेलं अंगडं मोहिनीला घातलं.

“काहून घातलं तुमी?” म्हणत चांगुणाबाई ते ओरबाडायला धावली. वास आला, अन् पान्हा फुटला.

आता तिच्या शेजारी उभी राहून मोहिनी खड्या आवाजात गाते. तिला वाटतं, गाणं मेंढरांचं आहे.