सालूदची पांढरी ओढणी

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा आवाज थोडा बसलेला आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी हसू देणार नाही.

बोहोल बेटावरच्या बाकुंगान नावाच्या कोळ्यांच्या गावात, छोट्या चर्चच्या डाव्या खिडकीखाली माझी जागा. माझं अंग फणसाच्या लाकडाचं आणि भाता बकऱ्याच्या कातड्याचा. पायांनी खालच्या फळ्या दाबल्या की भात्यात हवा भरते, आणि वर बोटं फिरली की मी गाऊ लागते. ज्या सुताराने मला घडवलं तो काम करताना सतत शिव्या घालायचा म्हणे. माझी एक पट्टी अजून कुरकुरते, ती त्याचीच देणगी असावी.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सालूद आली तेव्हा. गोवराने तिचे डोळे बालपणीच गेले होते. आईचं बोट धरून ती चर्चमध्ये आली, चाचपडत माझ्यापाशी पोचली आणि माझ्या पोटाला कान लावून म्हणाली, "आई, ही श्वास घेते!" तेव्हापासून म्हातारी होईपर्यंत ती माझीच होती. नव्हे, मी तिची होते.

वाजवायला बसण्याआधी ती छातीवर क्रूस काढायची, माझ्या झाकणावर तळवा ठेवायची आणि विचारायची, "उठलीस का गं बाई?" मग देवाशी बोलायची, तेही अगदी रोखठोक. "डोळे घेतलेस ते घेतलेस, तक्रार नाही. कानांना मात्र हात लावायचा नाही हं!" गाणाऱ्यांचीही तिच्यापुढे काही लपवाछपवी चालत नसे. "एरास्मो, काल माडी जास्त झाली वाटतं? सूर भिंत धरून चालतोय बघ!" बिचारा एरास्मो कानांपर्यंत लाल व्हायचा.

तिला एकच मुलगी, पिलोमेना. सालूद तिला लाडाने इंदाय म्हणायची, आणि ती सालूदला नानाय, म्हणजे आई. इंदाय माझ्या बाकाखाली झोपली, माझ्या सुरांवर वाढली. एकदा उंदरांनी माझा भाता कुरतडला, तेव्हा सालूदने कापडावर वितळलेलं मेण ओतून ठिगळ लावलं. त्याआधी इंदायचा हात हातात घेऊन तिने भोक दाखवलं आणि म्हणाली, "दिवा कशाला हवा? बोटांनी बघ." ते मी विसरले नाही. इंदायही विसरली नव्हती, पण ते पुढे कळलं.

आमच्या गावाचा मोठा दिवस म्हणजे ईस्टरची पहाट. एकीकडून बायका काळ्या ओढणीतली मारियामातेची मूर्ती आणतात, दुसरीकडून पुरुष उठलेल्या येशूला आणतात, आणि चौकातल्या बांबूच्या कमानीखाली मायलेकरांची भेट होते. मचाणावरची एक चिमुकली मारियामातेची काळी ओढणी उचलते आणि त्याच क्षणी मी आनंदाचं गाणं सुरू करायचं. आधी नाही, नंतर नाही, आणि मध्ये तुटता तर मुळीच कामा नये. तुटलं की ते वर्ष होड्यांना वाईट, असं गाव मानतं. मला चौकात नेऊन भिंतीला टेकवून ठेवतात, त्यामुळे वाजवणारीची पाठ कमानीकडे असते. सालूदला त्याने काय फरक पडणार? ओढणी उचलली की इंदाय तिच्या खांद्यावर हात ठेवायची आणि सालूदची बोटं धावत सुटायची.

त्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर सालूद गेली. दम लागलेला, तरी शेवटचं बोलली ते माझ्याबद्दलच. "इंदाय, यंदा तू वाजव. हिला मुकी ठेवू नकोस."

गायकांची म्होरकी मानांग ब्रिगीदा. मानांग म्हणजे ताई, पण ही ताई कमी आणि फौजदार जास्त. ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, इंदाय. पण गावाच्या होड्यांचा प्रश्न आहे. माझ्या भाच्याने कर्णा आणलाय, त्यावर गाणं लावू."

"मी नानायला शब्द दिलाय, मानांग."

"ती आहे का आता शब्द ऐकायला?"

 मला संताप आला. पेटीला संताप आला तरी करणार काय, म्हणा!

आणि मग ते मुके दिवस आले. पवित्र गुरुवारपासून आमच्याकडे घंटा वाजत नाही, पेटीला कोणी हात लावत नाही. सगळं काम लाकडी टाळ्यांवर, फळ्या एकमेकींवर आपटून चालतं. शनिवारची प्रार्थना पाद्री मोठ्या गावात घेतात, त्यामुळे माझं तोंड उघडतं ते थेट ईस्टरच्या पहाटे. माझ्यावर जांभळं कापड टाकून सगळे निघून गेले. शुक्रवारी उंदीर आले.

कुर्र, कुर्र. कातडं फाटत होतं, मला कळत होतं. ओरडू कशी? शनिवारी दुपारी इंदाय आली, डोक्यावर आईची पांढरी ओढणी घेतलेली. तिचा हात कापडापर्यंत आला. अगं उघड, बघ तरी! पण नियम म्हणजे नियम. तिने हात मागे घेतला. "उद्या, नानाय," एवढंच पुटपुटली आणि गेली.

पहाटे चौघांनी मला चौकात नेलं. दोन्हीकडून मेणबत्त्यांच्या रांगा सरकत होत्या. इंदायने क्रूस काढला आणि पाय दाबले.

फुस्स.

तिने पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" ब्रिगीदा म्हणाली आणि भाच्याला हाक मारायला वळली.

इंदाय बाकावरून खाली उतरली. गुडघ्यांवर बसून तिने माझी खालची फळी काढली आणि अंधारात हात घातला. बोटांनी बघितलं. चांगली चार बोटं जातील एवढं भोक. तिने डोक्यावरची ओढणी ओढून काढली. बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मारियामातेच्या मिरवणुकीत बाईला उघड्या डोक्याने उभं राहिलेलं आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, वेडी झालीस का? डोकं झाक!" ब्रिगीदा ओरडली.

"नानायचीच ओढणी आहे. ती रागावणार नाही." इंदायने घडी भोकावर धरली आणि आपली मेणबत्ती तिरकी केली. मेण पुरेना. लाकडी टाळ्या जवळ येत चालल्या. "मानांग, तुमची मेणबत्ती द्या ना! जाड आहे!"

ब्रिगीदा तशीच उभी. तिकडे मारियामाता वळणावर दिसू लागली होती. मला वाटलं, संपलं सगळं.

"सरक," ब्रिगीदा एकदम म्हणाली आणि एवढं मोठं शरीर घेऊन खाली बसली. "नीट धर, हात भाजेल." तापलेलं मेण माझ्या पोटावर टपटप पडलं. इंदायने दोन्ही तळवे भाजेपर्यंत घडी दाबून धरली.

ती बाकावर बसली तेव्हा दोन्ही मूर्ती कमानीखाली पोचल्या होत्या. तिने हळू पाय दाबले. हवा आत टिकली! पण काळी ओढणी मारियामातेच्या मुकुटात अडकली. मचाणावरची पोर ओढतेय, ओढणी सुटेना.  इंदायची पाठ तिकडे आणि खांदा मोकळा. तिने बोटं माझ्या पट्ट्यांवर तयार ठेवली.

मग त्या खांद्यावर एक जड, मेणाने माखलेला हात पडला. "आता!" ब्रिगीदा म्हणाली.

मी गायले. आवाज घोगरा, पण गाणं तुटलं नाही. मायलेक शेजारी शेजारी उभे राहीपर्यंत एकदाही नाही. एरास्मो गात होता की रडत होता ते देव जाणे. गाणं संपल्यावर ब्रिगीदाने आपली ओढणी काढून इंदायच्या डोक्यावर घातली आणि स्वतः उघड्या डोक्याने घरी गेली.

त्या वर्षी होड्यांचं काय झालं? काही भरून आल्या, काही रिकाम्या, दरवर्षीसारख्याच.

पुढे मला नवं कातडं लावायची वेळ आली. इंदाय म्हणाली, "नवं वरून लावा. आतलं काढायचं नाही." म्हणून मी जोरात श्वास घेतला की आत सालूदची ओढणी सळसळते. मुक्या दिवसांत मला अजूनही कोणी हात लावत नाही. पण मांजराला कसला नियम? ब्रिगीदा स्वतः आपलं मांजर आणून माझ्याशेजारी सोडते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोपऱ्यात कापड टाकलेलं काहीतरी जुनं असेल. कदाचित एखादं माणूसही असेल. आम्हांला ओरडता येत नाही. म्हणून जाता येता थांबा, तळवा ठेवा, आणि सालूदसारखं एकदा विचारा, "उठलीस का गं बाई?"