त्याच्यावर पाणी सोड

लॉनची कल्पना बाळची. बाळ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी घरात तो बाळच. अर्धांगवायूनं त्यांच्या वडिलांची, अप्पांची, उजवी बाजू लुळी पडली तेव्हा व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, यांना मऊ जमिनीवर अनवाणी चालवा, पडले तरी लागणार नाही. झालं. बाळनं दुसऱ्या शहरातून फोनवर फोन करून मागच्या अंगणात लॉन लावून घेतलं. "लॉन धरलं की मी महिनाभर येतो, ताई. अप्पांना मीच चालवतो. तू नुसता आराम कर." बोलायला काय जातंय!

माळी मात्र बजावून गेला. मुळं धरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं आणि कुणी पाय ठेवायचा नाही. म्हणजे ज्याच्यावर चालायचं त्याच्यावर पाय ठेवायला बंदी, आणि ज्यांनी चालायचं ते खिडकीशी खुर्चीत बसून. मधल्या मध्ये ताई.

पाइप पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचायचा नाही, तिथे बादल्या न्यायच्या. नळाची धार करंगळीएवढी. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला, घरी येऊन अप्पांना पुसायचं, भरवायचं, कपडे बदलायचे आणि मग हे गवत. "एक आजारी सांभाळत होते, त्यात हे तान्हं पदरात पडलं," असं ती शेजारणीला हसत म्हणायची. हल्ली तिला हसतानाही दम लागायचा.

त्या संध्याकाळी ती पाणी घालायला निघाली आणि बाळचा फोन आला. अप्पांनाही ऐकू जावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

"ताई, या महिन्यात काही जमत नाही गं. ऑफिसात फार गडबड आहे. पुढच्या महिन्यात नक्की बघतो."

"बघ," ती म्हणाली.

आधीचा महिनाही असाच पुढे गेला होता. फोन ठेवून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. आजारापासून त्यांचे शब्द इकडचे तिकडे व्हायचे, चहा हवा असला तर चष्मा मागायचे. पण आता त्यांनी ओठ जुळवले आणि एकेक शब्द धरून आणल्यासारखा बाहेर काढला.

"त्याच्यावर… पाणी… सोड."

ताईच्या अंगावर काटा आला. बाळ म्हणजे अप्पांचा जीव की प्राण. त्यानं काही मागितलं आणि अप्पा नाही म्हणाले, असं कधी झालं नव्हतं. त्या बापानं आज मुलाची आशा सोडली. तिला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. इतकी वर्षं तिला एकटीला जे दिसत होतं, ते शेवटी त्यांनाही दिसलं. मग हे लॉन तरी कुणाच्या भरवशावर? त्या संध्याकाळी तिनं नळ उघडलाच नाही, नंतरही नाही.

तिनं उलट फोन लावला. "अप्पांनी तुझ्यावर पाणी सोडलं, बाळ. त्यांच्या तोंडचे शब्द आहेत. आता ये नाहीतर नको येऊस."

एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

रविवारी दुपारी बाळ बॅग घेऊन दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. चपलाही न काढता तो अप्पांच्या पायाशी जाऊन बसला.

"अप्पा, चुकलो मी. असं नका ना बोलू."

अप्पा डाव्या हातानं त्याचं टक्कल कुरवाळत राहिले. चेहरा नुसता फुलला होता. मग त्यांची नजर बाहेर गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या. लॉनच्या कडा पार पिवळ्या झाल्या होत्या. त्यांनी ताईकडे बोट केलं, मग लॉनकडे.

"सांगितलं… होतं. पाणी… सोड… त्याच्यावर. नाही… सोडलंस."

आधी बाळ हसला, जीव भांड्यात पडल्यासारखा. मग त्याचं हसू गेलं.

"म्हणजे गवताबद्दल बोलत होते ते? अगं, डोळ्याला डोळा लागला नाही माझा. साहेबाशी भांडून आलोय. माझ्याबद्दल अप्पा असं म्हणतील, हे वाटलंच कसं तुला?"

"चुकलं माझं," एवढं म्हणून मोकळं व्हावं असं ताईला वाटलं. जन्मभर तिनं तेच केलं होतं. पण आज तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"अप्पांनी नाही रे सोडलं तुझ्यावर पाणी," ती म्हणाली. "मी सोडलंय. कधीच. म्हणून तर ते गवताचं बोलत असतील, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

बाळ पँट दुमडून अंगणात गेला.

ताई आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. बाहेर बादली आपटली, काहीतरी गडगडत गेलं, आणि लगेच हाक आली.

"ताई, पाइप कुठे जोडायचा गं?"

हाकेसरशी ती उठून बसली. पाय आपोआप चपला शोधू लागले. तेवढ्यात खिडकीकडून अप्पांचा आवाज आला. शब्द नेहमीसारखे अडखळले, पण एकही चुकला नाही.

"तिला… हाक… मारू नको. मला… विचार."

ताई परत आडवी झाली. तिला रडू येत होतं, पण ते पुरतं यायच्या आत झोप आली.