एका खोलीसाठी

तिसरा स्क्रू काही केल्या निघेना. मावशी स्टुलावर चढल्या होत्या, पदर कमरेला खोचला होता, आणि स्क्रू ड्रायव्हरवर सगळा भार टाकून त्या दातओठ खात होत्या. खजिनदारांनी एका हाताने स्टूल धरलं होतं. दुसऱ्या हाताने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी पोटाशी धरली होती.

"खाच पार झिजलीय याची, साहेब," मावशी म्हणाल्या. "पितळेचा तो. सारखा काढायचा नि सारखा घालायचा, त्यानं तरी किती सोसायचं?"

"सावकाश काढा. पण लवकर. घड्याळवाले अकराला येतील."

"सावकाश पण लवकर," मावशी पुटपुटल्या. "हे बरंय."

स्क्रू करकरत सुटला. दारावरून एका शिक्षकांची पाटी उतरली आणि तिच्या जागी घड्याळवाल्यांच्या पत्नीची पाटी चढली. भोकं तीच चार, स्क्रूही तेच चार. उतरवलेली पाटी खजिनदारांनी वर्तमानपत्रात गुंडाळली. तिच्यासोबत कारागिराने चार नव्या स्क्रूंची पुडी दिली होती, तीही त्याच कागदात होती. ती कधी उघडायची वेळच आली नव्हती.

मोठ्या इस्पितळासमोरच्या गल्लीत ही संस्था होती. रुग्णांच्या नातेवाइकांना इथे मोफत राहता येई. खाली कार्यालय, स्वयंपाकघर आणि झोपायला दोन हॉल. वर गच्चीच्या एका कोपऱ्यात ही खोली. डॉक्टरांनी ज्यांना 'आता जवळच राहा' असं सांगितलेलं असे, त्यांना वरची खोली मिळायची. त्यामुळे तिथे फार दिवस कुणी राहत नसे.

नऊ वर्षांपूर्वी घड्याळवाल्यांची बायको समोरच्या इस्पितळात सव्वा महिना होती, आणि घड्याळवाले सव्वा महिना इस्पितळाच्या जिन्यात पिशवी उशाला घेऊन झोपले होते. ती गेली. त्यानंतर त्यांनी दुकानाची अर्धी जागा विकली आणि पैसे संस्थेला आणून दिले. पावतीवर कारण लिहिलं होतं, 'एका खोलीसाठी'. खोली बांधली, तिच्या नावाची पाटी लागली, सगळं चोख झालं.

पुढे त्याच वर्षी शिक्षकांच्या मुलांनी पैसे आणले, तेही एका खोलीसाठी. तेव्हा नेमकं हॉलचं छत गळायला लागलं होतं. पैसे छतात गेले. शिक्षकांची मुलं खोली बघायला येणार म्हटल्यावर अध्यक्षांनीच तोड काढली, एक दिवस पाटी बदलायची. पुढच्या वर्षी दुसरी खोली बांधूच. पुढचं वर्ष कसलं येतंय. मग एक नऊ वर्षांची मुलगी आली, मग कुणाची आजी, मग एकाच अपघातात गेलेले दोन भाऊ, एकाच पाटीवर. पाच पाट्या, सहा माणसं आणि एक दार.

"पावतीवर काय लिहिलंय?" अध्यक्ष म्हणायचे. "एका खोलीसाठी. खोली एकच आहे. यात खोटं काय ते दाखवा मला."

बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. खजिनदार दर वर्षी अहवालाच्या शेवटच्या पानावर सही करायचे. वर छापलेलं असायचं, की निधी ज्या कारणासाठी मिळाला त्याच कारणासाठी वापरला आहे. एक पैसा कुणी खाल्ला नव्हता, हे ते स्वतःला बजावायचे, आणि ते खरंही होतं. पैसे छतात गेले, गॅसला गेले, पगारांना गेले. हजारो माणसं इथे फुकट झोपून गेली.

तीन महिन्यांपूर्वी अध्यक्ष वारले, आणि तेव्हापासून खजिनदारांचं काहीतरी बिनसलं. न लागलेल्या चार पाट्या त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात असत. गल्लीतून एखादी जड गाडी गेली की खण थरथरायचा आणि पाट्या एकमेकींवर आपटायच्या, दाराची कडी वाजावी तशा. पहिल्यांदा त्यांनी उठून दार उघडून पाहिलं होतं. आता ते उठत नसत, पण लिहिता लिहिता हात थांबायचा. परवा खणातून पाटी काढताना ते चक्क म्हणाले होते, "जरा सरका." मावशींनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. वरच्या खोलीत जायला तर ते टाळतच. रिकामी असली तरी ती रिकामी वाटायची नाही. आपण आत गेलो की बोलत बसलेली माणसं गप्प होतात असं त्यांना वाटायचं, आणि त्याची त्यांना भीती वाटायची.

"साहेब, त्या सहाव्याचं काय झालं?" स्टुलावरून उतरत मावशींनी विचारलं.

"कुठलं सहावं?"

"आता मलाच विचारा. चेक आलाय ना. कारागिराला सांगा एकदाचं. सहावी पाटी आली की आमचा पगार होईल." त्या हसत म्हणाल्या, पण दोन महिन्यांचा पगार थकला होता आणि हसण्यात ते होतंच.

चेक वरच्या खणात नऊ दिवस पडून होता. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी पाठवलेला, एका खोलीसाठी. सोबत आईचं पत्र होतं. पत्रात तिने एकच गोष्ट विचारली होती: खोलीची खिडकी पूर्वेला ठेवता येईल का, त्याला सकाळचं ऊन अंगावर घेऊन झोपायला आवडायचं. खजिनदारांनी पावतीपुस्तक तीनदा उघडलं होतं आणि तीनदा मिटलं होतं. वरच्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती.

अकराला घड्याळवाले आले. अंगाने किरकोळ, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर. दर वर्षी बायकोच्या तिथीला ते येत, वर जाऊन दहा-पंधरा मिनिटं बसत, भिंतीवर त्यांनीच लावलेलं घड्याळ उतरवून पुसत, तेल घालत आणि खाली येऊन एक पाकीट देत.

"चला," ते म्हणाले.

खजिनदारांना जावंच लागलं. दाराशी घड्याळवाले थांबले. पाटीसमोर हात जोडतात तसे उभे राहिले, पण हात जोडले नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पाटीचे चारही कोपरे एकेक करून पाहिले, आणि चष्मा परत वर सरकवला. हे ते दर वर्षी करत. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं खजिनदारांनी धरून ठेवलं होतं.

आत त्यांनी घड्याळ उघडलं. खजिनदार खिडकीशी उभे राहिले.

"सध्या कोण असतं इथे?"

"कालपर्यंत एक बाई होत्या. मालक गेले त्यांचे, पहाटे."

"झोप लागायची का त्यांना?"

"विचारलं नाही."

घड्याळवाल्यांनी मान हलवली. घड्याळ पुन्हा भिंतीवर चढलं आणि टिकटिकायला लागलं. खोलीत आपण दोघेच नाही आहोत, हे खजिनदारांना इतकं लख्ख जाणवलं की त्यांनी कॉटवर बसायचं टाळलं.

खाली कार्यालयात घड्याळवाल्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. खजिनदारांनी पावतीपुस्तक ओढलं, कार्बन सरळ केला, तारीख घातली.

"कशासाठी लिहू?" त्यांनी दर वर्षीसारखं विचारलं.

"नेहमीसारखंच. एका खोलीसाठी."

खजिनदारांनी 'एका' लिहिलं. बाहेरून पाण्याचा टँकर गेला. खालच्या खणात पाट्या वाजल्या, एकदा, दोनदा. पेन पुढे सरकेना. मावशी दारात चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"घड्याळवाले," खजिनदार म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "ती पाटी आम्ही आज सकाळी लावली. तुम्ही गेलात की काढतो."

खजिनदारांनी खालचा खण पूर्ण ओढून बाहेर काढला, टेबलावर ठेवला, आणि वर्तमानपत्र सोडून चारही पाट्या ओळीने मांडल्या. शिक्षक, मुलगी, आजी, दोघे भाऊ. मग सगळं सांगितलं. छत, गॅस, पगार, अध्यक्षांची तोड, शेवटच्या पानावरच्या आपल्या सह्या. पाच कुटुंबांनी पाच खोल्या दिल्या आणि वर एकच आहे, हेही सांगितलं. वरचा खण उघडून सहावा चेक दाखवला. अध्यक्षांचं नाव पुढे करायचा मोह दोनदा झाला. एकदा त्यांनी ते केलंही, आणि मग म्हणाले, "पण सह्या माझ्याच आहेत."

घड्याळवाल्यांनी मुलीची पाटी उचलली, लांब धरून वाचली, खाली ठेवली.

"आठ वर्षं झाली," ते म्हणाले.

"कशाला?"

"पहिल्या दिवशी पाटी मी स्वतः लावली होती. स्क्रू माझ्या दुकानातले. चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या ठेवल्या होत्या मी, बाराचे काटे असतात तशा. आमच्या धंद्यात वाकडी खाच ठेवत नाहीत. दुसऱ्या वर्षी आलो तर चार खाचा चार दिशांना." त्यांनी मावशींकडे पाहिलं. "तुमचा दोष नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

मावशींनी चहाचे कप खाली ठेवले.

"मग तुम्ही विचारलं का नाही?" खजिनदारांनी कसंबसं म्हटलं. "आठ वर्षं तुम्ही येताय, पाकीट देताय..."

"विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असतं. अध्यक्षांनी तर छानच दिलं असतं." घड्याळवाल्यांनी मुलीची पाटी ओळीत सरळ केली. "मला कुणी उत्तर द्यायला नको होतं. मला सांगायला हवं होतं. दर वर्षी जिना चढताना वाटायचं, यंदा सांगतील. उतरताना तिला म्हणायचो, पुढच्या वर्षी."

खजिनदारांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. शरम वाटत होती, आणि त्याच्या बुडाशी बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीही शरम वाटत होती.

घड्याळवाल्यांनी टेबलावरचं पाकीट उचलून पिशवीत परत ठेवलं. मग चारही पाट्या आणि त्यांच्यासोबतच्या स्क्रूंच्या पुड्या एकावर एक घेतल्या.

"स्क्रू ड्रायव्हर कुठाय तुमचा?" त्यांनी मावशींना विचारलं. "आणि एक खिळा द्या, भोकं पाडायला. हातोडी नसली तर बत्ता चालेल."

ती दोघं वर गेली. खजिनदार खालीच बसून राहिले. वरून ठोकल्याचे आवाज येत होते, थांबून थांबून, मोजून मारल्यासारखे. मध्येच मावशींचा आवाज आला, "थोडी खाली घ्या, आजींना मान वर करून बघावं लागेल," आणि त्यावर घड्याळवाले काहीतरी बोलले ते नीट ऐकू आलं नाही. तासाभराने आवाज थांबले तेव्हा खजिनदार उठले आणि जिना चढून गेले.

दारावर एकाखाली एक पाच पाट्या होत्या. कारागिराच्या पुड्या उघडल्या गेल्या होत्या, रिकामे कागद मावशींच्या मुठीत होते. वरच्या पाटीचे जुने झिजलेले चार आणि खालचे नवे सोळा, वीसच्या वीस खाचा उभ्या होत्या.

"पुढचं कुणाचं आहे?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"आजींचं. सोळा तारखेला त्यांचे नातू येतात."

"त्यांना इथे आल्यावर कळायला नको. आधी सांगा. चौघांच्याही घरी सांगा. कुणी पैसे मागेल, कुणी पोलिसांत जाईल, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

"आणि तुम्ही?"

घड्याळवाल्यांनी दाराकडे पाहिलं. बायकोच्या पाटीवरून अंगठा फिरवला. "आम्ही पुढच्या वर्षी येऊ," ते म्हणाले.

त्यांनी संस्थेचा स्क्रू ड्रायव्हर रुमालाने पुसला. मावशींनी हात पुढे केला. तो हात बघूनही घड्याळवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर आपल्या पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

"अहो, एकच आहे तो आपल्याकडे," मावशी हळूच म्हणाल्या.

"असू दे," खजिनदार म्हणाले. "मावशी, पगाराचं मात्र..."

"ते मला कळलं केव्हाच." त्यांनी स्टूल उचललं. "फोन करायचाय ना तुम्हाला? करा. मी चहा पुन्हा ठेवते, तो निवला."

कार्यालयात पावतीपुस्तक तसंच उघडं होतं, 'एका' पाशी थांबलेलं. खजिनदारांनी त्या पावतीवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. वरच्या खणातून चेक काढला, आईचं पत्र काढलं, आणि पत्राच्या तळाशी दिलेला नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. बाहेरून पुन्हा एक टँकर गेला. टेबल थरथरलं, पण खणातून काही वाजलं नाही.

"हॅलो?" पलीकडून एका बाईचा आवाज आला.

खजिनदारांनी आपण कोण ते सांगितलं.

"बोला ना," ती घाईघाईने म्हणाली. "खिडकीचं जमेल का?"

"आमच्याकडे खोली एकच आहे, ताई," ते म्हणाले. "आणि तिची खिडकी पश्चिमेला आहे."