कॉलरची टोकं

हे सदतिसावं घर. म्हणजे नवऱ्याच्या वहीत सदतिसावं. शिलाईवालीने मोजायचं विसाव्यालाच सोडून दिलं होतं. आता कुठल्याही घरात शिरलं की ती आधी बघायची, टेकायला काही आहे का.

"हा तुमचा हॉल," एजंटने दोन्ही हात असे पसरले की जणू मैदान दाखवतोय. हात भिंतींना लागायचेच काय ते बाकी होते. स्वयंपाकघरात दोघं उभी राहिली तर एकाने श्वास रोखून धरायचा. खिडकी उघडली तर समोर शेजाऱ्यांची खिडकी, हात घालून त्यांचा टॉवेल ओढता येईल इतकी जवळ. वर तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. नवरा जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः जिने चढणार! एरवी ती यावर पोट धरून हसली असती. पण दिवसभर मशीन मारून पायांत गोळे आले होते.

"पण हद्दीत आहे," नवरा तिच्या कानाशी म्हणाला.

हद्द म्हणजे मोठ्या शाळेची हद्द. त्या शाळेचा निकाल शहरात पहिला, सलग सहा वर्षं. घर हद्दीत असेल त्याच मुलांना प्रवेश परीक्षेला बसू देतात, आणि हद्द संपते ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी. दुकानाच्या अलीकडची घरं अंधारी, कोंदट, तरी लोक त्यांच्यावर उड्या मारतात. पलीकडची ऐसपैस घरं कुणी विचारत नाही. त्यातलं एक तिला आवडलंही होतं, एकोणतिसावं. सकाळचं ऊन थेट ओट्यावर, आणि मशीन ठेवायला खिडकीशी जागा. नवऱ्याने वहीत त्याच्यावर काट मारली. कारण त्या बाजूला पोरीची आत्ताची शाळा, आणि तिचा निकाल म्हणजे धड चांगला नाही की धड वाईट नाही.

"मी शाफ्टमध्ये लोंबकळत वंगण लावलं ते पुरे झालं," तो म्हणायचा. "पोरीच्या नशिबी ते नको." तिलाही तेच वाटायचं.

पोर नऊ वर्षांची. जेवताना, पाढे लिहिताना, अगदी दात घासतानाही गुणगुणायची, म्हणून घरात तिचं नाव भुंगी. आज तिला शाळेतून परस्पर घर बघायला आणलं होतं. दप्तर पाठीला तसंच, गणवेश चुरगळलेला, शर्टाची कॉलर आत दुमडलेली.

"कॉलर बाहेर काढ गं," शिलाईवाली म्हणाली. "लोक म्हणतील, आई काय शिवते देव जाणे."

"मला अशीच आवडते."

असेल काहीतरी फॅशन, म्हणून तिने सोडून दिलं. वाद घालायचं त्राण कुणाला होतं!

"शनिवारी सहापर्यंत कळवा," एजंट म्हणाला. "पाच जण रांगेत आहेत." त्याच्या रांगेत कायम पाचच जण असायचे.

तिचं दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि ती. नवं शिवून घेणारे थोडे. उसवलं, फाटलं, आखूड झालं, असंच काम जास्त. दोन्ही शाळांचे गणवेश तिच्याकडे यायचे. पोरीच्या शाळेच्या पॅंटी गुडघ्यावर फाटून यायच्या. खिशांतून खडे निघायचे, खडूचे तुकडे निघायचे, एकदा तर जिवंत गोगलगाय निघाली. तेव्हा ती केवढ्यांदा किंचाळली होती! मोठ्या शाळेच्या पॅंटींचे गुडघे मात्र शाबूत, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. त्यांचे यायचे ते शर्ट. आणि शर्टात एकच दुखणं, कॉलरची टोकं विरलेली.

तीन वर्षं ती कापडवाल्याच्या नावाने खडे फोडत होती. एवढी नावाजलेली शाळा आणि कापड हे असलं फडतूस! एकदा त्याच्या दुकानात जाऊन तिने चारचौघांत त्याला सुनावलंही होतं. तो बिचारा शपथा घेत होता. मग तिने कॉलर ताठ राहावी म्हणून स्वतःच्या पदरचं जाड बक्रमचं अस्तर आत घालून बघितलं. दोन महिन्यांत तेही गायब. तेव्हा ती इरेला पेटली आणि टोकांना दुहेरी टीप मारू लागली. आपल्या हातचं काम असं जातंच कसं, हाच प्रश्न तिला पडायचा.

शनिवारी दुपारी एक बाई शर्ट न्यायला आली. बरोबर मुलगी, भुंगीच्याच वयाची, मोठ्या शाळेच्या गणवेशात. बाई पर्समध्ये पावती शोधत होती. मुलगी भिंतीकडे टक लावून उभी होती, आणि बघता बघता तिने कॉलरचं टोक ओढून तोंडात घेतलं आणि शांतपणे चावायला लागली. बाईने मान वर न करताच तिच्या दंडावर चापट दिली.

"सोड!"

शिलाईवालीच्या हातातली कात्री तशीच राहिली. "ही कॉलर खाते?"

"सगळीच खातात हो त्या शाळेत. हिच्या ताईने तर बाह्यासुद्धा खाल्ल्या." बाई हसली, पण दमलेलं हसली. "परीक्षा झाली की थांबतं."

"कधी आहे परीक्षा?"

"सोमवारी. दर सोमवारी असते."

दोघी गेल्यावर तिने खालचा खण ओढला. नवी कॉलर कापायला जुनीचं माप लागतं, म्हणून काढलेली कॉलर ती पावतीला टाचून ठेवायची. गिऱ्हाईक गेलं तरी फेकायला हात धजत नसे. त्या सगळ्या तिने टेबलावर मांडल्या. एकवीस निघाल्या. आता दाताच्या खुणा लख्ख दिसत होत्या. पहिलीतल्या एका चिमुकल्या कॉलरवर मधोमध फट सुटलेली, पोराचे पुढचे दोन दात पडलेले असणार.

"अगं बाई गं," ती एकटीच म्हणाली. एवढ्या पोरांचं चावणं तिने कापडाच्या माथी मारलं होतं, आणि वर बक्रम घालून ते आणखी चिवट करून दिलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. दुकान ओढून घेऊन ती घरी निघाली. नवऱ्याला कसं सांगायचं याची जुळवाजुळव ती वाटभर करत होती. एकवीस कॉलरींपुढे सहा वर्षांचा निकाल ठेवून तो काय म्हणेल, हे तिला पाठ होतं.

घरी भुंगी टेबलाशी बसून सराव परीक्षा सोडवत होती. शेजारी नवरा, पुढ्यात वही, फोन आणि घड्याळ. पावणेसहा झाले होते. दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं. चप्पल काढता काढता तिच्या लक्षात आलं, घर फारच शांत आहे. हे असं कधीपासून आहे, ते तिला आठवेना.

धुणं आणि इस्त्री नवऱ्याकडे, कारण दिवसभर कपड्यांशी झटल्यावर तिला घरचा कपडा डोळ्यांसमोर नको व्हायचा. आज ती सरळ धुण्याच्या टोपलीशी गेली. भुंगीचा शर्ट उचलला आणि आत दुमडलेली कॉलर उलगडली.

डावं टोक नव्हतंच. उजवं ओलसर होतं.

तिने शर्ट नेऊन नवऱ्याच्या वहीवर ठेवला. त्याने कॉलर बोटांत धरून निरखली. मशीनचा माणूस तो, आधी झीजच बघणार. "कापड हलकं लागलंय गं."

"मीपण तीन वर्षं हेच म्हणत होते," ती म्हणाली. "अहो, दात आहेत ते."

त्याला आधी कळेना. मग त्याने पोरीकडे बघितलं. भुंगीने पेन्सिल खाली ठेवली होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले होते.

"नवीन घरात गेल्यावर नाही खाणार," ती घाईघाईने म्हणाली. "खरंच बाबा. पास झाले ना, की नाहीच खाणार."

नवऱ्याच्या वहीत सदतीस घरं होती, शाळांचे निकाल होते, घरापासूनची पावलंसुद्धा मोजून लिहिलेली होती. तो शर्टाची घडी घालायला लागला, ती नीट जमेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. फोन वाजला तेव्हा सहाला पाच कमी होते.

"नको," तो फोनवर म्हणाला. पलीकडून पाच जणांचं काहीतरी आलं असावं. "असू देत. आम्हाला नको ते घर." मग जरा थांबून, "ते औषधाच्या दुकानापलीकडचं आहे का अजून? ऊन येतं ते?"

"म्हणजे आता परीक्षा नाही?" भुंगीने विचारलं.

"नाही," शिलाईवाली म्हणाली.

"बाबा, नाही?"

"नाही गं राणी."

भुंगीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग घड्याळाकडे बघून तिने पेन्सिल उचलली आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.

शिलाईवालीने नवऱ्यापुढचा शर्ट उचलला. घरच्या जुन्या मशीनवर बसून तिने शर्टाची कॉलर उसवली, उरलेल्या कापडातून नवी कापली. बक्रम घातलं नाही. एक टीप मारून झाल्यावर तिने मशीन थांबवलं, आणि टेबलाकडून गुणगुण येते का, म्हणून कान देऊन बसली. नुसती पेन्सिलच ऐकू येत होती. ती तशीच बसून राहिली.